तांदळाचं पोतं + जुनी जीन्स = बाजाराची पिशवी (पहिल्यांदाच शिवणाऱ्यांसाठी)

टाकाऊतून टिकाऊ म्हटलं की आपल्याला आधी शाळेतला कार्यानुभवाचा तास आठवतो, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर वगैरे, आणि ते चार दिवसांनी माळ्यावर जातं. पिशवीचं तसं करून चालत नाही. पिशवी म्हणजे मंडईतून ५ किलो कांदे-बटाटे, वर कोथिंबिरीची जुडी, घाईत कोंबलेला नारळ, हे सगळं घेऊन बसमध्ये चढता आलं पाहिजे. म्हणून पहिल्याच प्रोजेक्टला चिप्सच्या पाकिटांची पर्स किंवा कॅसेटच्या रिळांचं काहीतरी करायला जाऊ नका, दिसतं भारी पण वेळ खूप खातं. सरळ तांदळाचं पोतं घ्या. ते मुळातच २५ किलो वजन उचलायला बनवलेलं असतं, तुमचं अर्धं काम मिलवाल्यानं करूनच ठेवलंय.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण नवीन लोक सगळा जीव डिझाइनमध्ये घालतात. पिशवी मधून कधीच फाटत नाही. ती फाटते बंद जिथे जोडलाय तिथे, नाहीतर खालच्या कोपऱ्यात. त्यामुळे बंद आणि तळ या दोनच गोष्टींवर मेहनत घ्यायची, बाकी चित्र सरळ आलं की वाकडं, लेस लावली की नाही, ते नंतर.

कुठलं पोतं चालतं, कुठलं नाही

किराणा दुकानात, खानावळीत, कॅटररकडे रिकामी पोती पडलेली असतात, मागितली तर बरेचदा फुकट देतात. आपल्याला २५ किंवा २६ किलोचं हवंय, साधारण १८ इंच रुंद असतं (हे २६ किलोचं काय प्रकरण असा प्रश्न पडला असेल तर, जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला, मग बऱ्याच मिलवाल्यांनी एक किलो वाढवून २६ ची पोती काढली). बाहेरून गुळगुळीत, चकचकीत छपाई आणि आतून विणलेलं दिसतं ना, तेच घ्या. त्यावर मोर, गुलाब, हत्ती, बासमतीची शेतं असली भन्नाट चित्रं असतात, पिशवीला वेगळं डिझाइन लागतच नाही.

हातात घेतल्यावर एक टेस्ट करा. पोतं एका जागी दुमडून घडीवर जोरात अंगठा घासा. पांढरी भुकटी किंवा बारीक पट्ट्यांचा चुरा हाताला लागला तर ते सोडून द्या. असं पोतं उन्हात पडून राहिलेलं असतं, आणि हे प्लास्टिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, उन्हानं कुजतं. कितीही छान शिवलंत तरी दोन महिन्यांत तुमच्या खांद्यावर, भाजीवर सगळीकडे त्याचा चुरा पडत राहणार. गच्चीत, अंगणात वर्षभर पडलेली पोती म्हणूनच नको.

खताची आणि कीटकनाशकाची पोती अजिबात नकोत, कितीही धुवा, भाजीच्या पिशवीला तर नकोच नको. गावाकडे पावसात युरियाच्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतात ते ठीक आहे, खाण्याच्या वस्तूंशी संबंध नको. सिमेंटचं पोतं मजबूत असतं पण सिमेंटची भुकटी ओली झाली की हात जाळते आणि शिवणीत अडकलेली सहज निघत नाही, पहिल्या पिशवीसाठी कशाला तो ताप. पशुखाद्याचं चालतं पण वास जायला वेळ लागतो. रेशन दुकानातलं तागाचं बारदान मिळालं तर मस्त दिसतं (१९८७ च्या कायद्यामुळे सरकारी धान्य अजून बहुतेक तागातच भरतात), फक्त त्याला तेलकट वास असतो आणि धागे फार सुटतात, त्यामुळे ते दुसऱ्या-तिसऱ्या पिशवीसाठी ठेवा.

लागणारं सामान

एक पोतं. एक जुनी जीन्स, तिचा एक पाय पुरतो. अस्तरासाठी जुनी चादर, सुती साडी किंवा परकराचं कापड. बंदासाठी सव्वातीन मीटर निवार पट्टी, सव्वा इंच रुंद, पुण्यात तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि बाकी गावांत जिथे शिलाईचं सामान मिळतं तिथे मीटरवर मिळेल. पण विकत घ्यायच्या आधी घरात बघा, फाटलेल्या दप्तराचे पट्टे, जुन्या ट्रॅव्हल बॅगचा खांद्याचा पट्टा, गाड्यांच्या भंगारवाल्याकडे सीटबेल्ट. सीटबेल्ट जवळजवळ दोन इंच रुंद असतो आणि तुटायचं नाव घेत नाही. फ्रायटाग नावाची स्विस कंपनी आहे, १९९३ मध्ये झुरिकमध्ये दोन भावांनी ट्रकची जुनी ताडपत्री, सायकलच्या ट्यूब आणि सीटबेल्ट वापरून बॅगा करायला सुरुवात केली, आज त्या बॅगा चांगल्याच महाग विकतात. म्हणजे भंगारात पट्टा शोधताना लाजायचं काही कारण नाही.

दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती दोरा कुजतो आणि तुटतो. दुकानात जीन्सचा जाड दोरा मागितला की देतात. मशीनची सुई १६ नंबर, जीन्सचे थर जास्त आले तर १८. घरात आजीचं काळं लोखंडी मशीन असेल तर नशीबवान आहात, नवीन हलक्या प्लास्टिक बॉडीच्या मशीनपेक्षा ते जाड थर फार सहज शिवतं. मशीनच नसेल तर दाभण किंवा जाड सुई, दोन पदरी दोरा आणि उलटी टीप (दर टाक्याला सुई थोडी मागे घालून पुढे काढायची). धावदोरा घालू नका, गोधडीला चालतो, इथे वजन आल्यावर ओढला जातो. हातानं एका बैठकीत पिशवी होणार नाही पण होते.

टाचण्या नकोत. पोत्याला पडलेलं भोक बुजत नाही. त्याऐवजी कपड्याचे चिमटे किंवा ऑफिसातले काळे बाइंडर क्लिप वापरा.

उसवणं, धुणं, कापणं

पोत्याच्या तोंडाची शिलाई साखळीची असते, बरोबर टोक सापडलं की एका झटक्यात अख्खी उसवते. एका टोकाकडून नाही सुटली तर दुसऱ्या टोकाकडून ओढा, कात्रीनं खरवडत बसू नका. दोरा गुंडाळून ठेवा, कुठे ना कुठे लागतो. तळाची शिलाई पण अशीच काढा किंवा सरळ तळ कापून टाका. मग दोन्ही कडांनी उभं कापा, म्हणजे पुढचा आणि मागचा असे दोन चित्रवाले तुकडे हातात येतील. साबणाच्या पाण्यानं पुसून, मऊ ब्रशनं घासून सावलीत वाळवा. इस्त्री अजिबात नाही! चुरगळलेलं असेल तर रात्रभर गादीखाली ठेवा, सरळ होतं.

आता मापं. ही मापं धरून तयार पिशवी साधारण १२ इंच रुंद, ४ इंच जाड आणि १७ इंच उंच होते, बाजारासाठी एकदम बरोबर.

पोत्याचे दोन तुकडे, १७ बाय १७ इंच, दोन्हीवर चित्र मध्ये येईल असं बघून. जीन्सच्या पायाचा एक तुकडा, १७ इंच लांब आणि ९ इंच रुंद, हा तळ. जीन्स कापताना गुडघ्याचा झिजलेला भाग टाळा, पोटरीचा किंवा मांडीच्या मागचा भाग घ्या. जाड शिवण मध्ये आली तर मशीन अडतं, शक्यतो ती वगळूनच कापा. ताणणारी स्ट्रेच जीन्स असेल तर तळ लोंबतो, तिच्या आतून अजून एक जाड कापड लावावं लागेल. अस्तराचा तुकडा १७ बाय ३९.

पोतं कापलं की कडेच्या पट्ट्या सुटायला लागतात, हा या मालाचा सगळ्यात मोठा वैताग. काही लोक मेणबत्तीवर कड फिरवून वितळवतात. मला ते घरात पटत नाही, धूर होतो आणि पोतं भसकन पेटतं पण. त्यापेक्षा कापायच्या रेषेवर आधी पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि पट्टीच्या मधोमध कापा, कड जागेवर राहते. पट्टी अगदी बारीक घ्या, कारण सुई त्यातून गेली तर तिला गोंद लागतो आणि दोरा तुटायला लागतो. चुकून लागलाच तर सुई स्पिरिटनं पुसून घ्या.

शिवायला घ्या

पहिलं काम सोपं. पोतं, मध्ये जीन्स, मग दुसरं पोतं असे तीन तुकडे ओळीत जोडायचे, अर्धा इंच आत टीप मारून. चित्रं बघा हं, दोन्ही चित्रांचे पाय जीन्सकडे आले पाहिजेत, नाहीतर एका बाजूचा मोर डोक्यावर उभा राहतो. टाका मोठा ठेवा, तीन ते साडेतीन मिलिमीटर. बारीक टाका मारला की पोत्याला ओळीनं जवळजवळ भोकं पडतात आणि मग ते पोस्टाच्या तिकिटांसारखं त्याच रेषेवर फाटतं. जोडल्यावर शिवणीचा शिल्लक भाग जीन्सच्या बाजूला वळवा आणि वरून अजून एक टीप घाला. आता तुमच्याकडे १७ इंच रुंद आणि ४१ इंच लांब पट्टी आहे.

अस्तराला आतला खिसा हवा असेल तर तो आत्ताच. जीन्सचा मागचा खिसा जसाच्या तसा कापून अस्तरावर शिवून टाका, मोबाइल आणि सुट्ट्या पैशांना बरोबर होतो. मग अस्तर या पट्टीच्या उलट बाजूला पसरा, दोन्ही टोकांना एकेक इंच पोतं उरेल असं, आणि चारी कडांनी चिमटे लावा. इथून पुढे पोतं आणि अस्तर एकच थर समजून शिवायचं. अस्तर वेगळं शिवून आत सोडायची पद्धत जास्त सुबक दिसते हे खरं, पण नवीन माणसाला ही पद्धत सोपी आणि भक्कम पण, कारण बंदाची शिलाई दोन्ही थरांतून जाते.

आता बंद. इथे घाई करू नका. बंद फक्त वरच्या काठाला चार इंच शिवला की सगळं वजन त्या चार इंचांवर येतं. आपण बंद अख्खा तळाखालून फिरवून आणायचा, म्हणजे वजन पट्ट्यावर येतं, पोत्यावर येतच नाही. दोन्ही लांब कडांपासून ५ इंच आत खडूनं रेषा मारा. निवार तळाच्या मधोमध एका रेषेवर ठेवून सुरुवात करा, रेषेवरून पुढच्या काठापर्यंत न्या, तिथे २४ इंचाचं हँडल मोकळं सोडा, दुसऱ्या रेषेवरून खाली, तळ ओलांडून मागच्या काठापर्यंत, पुन्हा २४ इंच मोकळं, आणि पहिल्या रेषेवरून परत तळाशी. दोन्ही टोकं तळाखाली एकमेकांवर दोन इंच चढवून शिवा. निवारीची टोकं आधी काडेपेटीनं जरा वितळवून घ्या म्हणजे उसवत नाहीत, हे तेवढं छोटंसं काम खिडकीशी उभं राहून करा. २४ इंचाचं हँडल खांद्यावर सहज बसतं, फक्त हातात धरायचं असेल तर १६ पुरे, आणि तेवढी निवार वाचते.

निवारीच्या दोन्ही कडांनी टीप मारायची पण वरच्या काठापासून चार इंच अलीकडे थांबायचं. मग वरचा काठ आधी अर्धा इंच, मग एक इंच असा आत दुमडा (अस्तराचं टोक आपोआप त्यात लपतं), दुमड शिवून घ्या आणि त्यानंतर निवारीचा राहिलेला भाग या दुमडीवर चढवून शिवा. तिथे एक इंचाचा चौकोन शिवून त्यात तिरकी फुली मारायची, शाळेच्या दप्तराला बघितलं असेल तुम्ही. अशा चार चौकटी होतील. या ठिकाणी बरेच थर येतात, पाय दाबून मशीन पळवलंत तर सुई मोडणार. हातानं चाक फिरवत एकेक टाका घ्या. चकचकीत पोत्यावर मशीनचा पाय चिकटत असेल तर खाली-वर टिश्यू पेपर ठेवा आणि शिवून झाल्यावर फाडून टाका, किंवा थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा.

आता पट्टी मधोमध दुमडा, चित्रं आत, अस्तर बाहेर. दोन्ही बाजू अर्धा इंच आत शिवा, वरच्या तोंडाशी मागे-पुढे करून पक्कं करा आणि त्याच रेषेच्या जवळून दुसरी टीप मारा. कच्च्या कडा दिसतायत त्यांना जुन्या साडीच्या पट्टीचा गोट लावा, म्हणजे पट्टी कडेवर दुमडून दोन्ही बाजूंनी कड झाकेल अशी शिवा. गोट टाळू नका, नाहीतर पोत्याचे दोरे पिशवीत आयुष्यभर निघत राहतील.

शेवटचं, कोपरे. नुसती चपटी पिशवी आणि उभी राहणारी पिशवी यातला फरक इथेच आहे. खालचा कोपरा असा चिमटीत धरा की बाजूची शिवण बरोबर तळाच्या मधल्या रेषेवर येईल, त्याचा त्रिकोण होतो. त्रिकोणाच्या टोकापासून २ इंच आत आडवी रेषा मारा, ती ४ इंच लांब भरली पाहिजे. भरत नसेल तर त्रिकोण वाकडा धरलाय, परत धरा. त्या रेषेवर दोनदा टीप. दुसऱ्या कोपऱ्याला तसंच. त्रिकोण कापून टाकायची पद्धत आहे पण मी तसाच ठेवून तळाकडे वळवून दोन टाके घालते, कोपऱ्याला तेवढाच आधार. आता पिशवी सुलट करा, कोपरे बोटांनी बाहेर ढकला.

दुसरं मटेरियल वापरायचं असेल तर

फ्लेक्स खूप लोक विचारतात. गणपती, निवडणुका आणि दादांचे वाढदिवस संपले की फ्लेक्सची काय कमी आपल्याकडे. पण लावलेला बोर्ड स्वतः उतरवायला जाऊ नका, भांडणं होतात. मंडळाला किंवा ज्याचा आहे त्याला विचारा, नाहीतर फ्लेक्स छापणाऱ्याकडे चुकीचे छापलेले पडून असतात ते मागा. फ्लेक्स म्हणजे आत पॉलिएस्टरची जाळी आणि वर पीव्हीसीचा थर, त्यामुळे कड सुटत नाही आणि कापायला सोपं. मात्र शाईचा वास जाईपर्यंत हवेशीर ठेवा, इस्त्री किंवा मेणबत्ती जवळपास नेऊ नका कारण पीव्हीसी तापलं की विषारी धूर सोडतं, आणि सुटं खाणं त्यात ठेवू नका. वरच्या मापांनी सेम पिशवी होते. भावी नगरसेवकांचा चेहरा आतल्या बाजूला घ्यायचा की बाहेर, ते तुमच्यावर.

सायकलच्या जुन्या ट्यूब पंक्चरवाल्याकडे मिळतात. उभी कापून आतली पावडर साबणानं धुतली की हँडलवर गुंडाळायला एकदम झकास, हाताला निवार काचत नाही.

दुधाच्या पिशव्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. त्या धुऊन वाळवल्या तर रद्दीवाला विकत घेतो आणि त्यांचं नीट रिसायकलिंग होतं, मग त्यांची पट्ट्या कापून क्रोशाची पिशवी करण्यात फार अर्थ नाही. चिप्स-बिस्किटांची चांदीसारखी पाकिटं मात्र सहसा कोणी घेत नाही, त्यांचं काही करता आलं तर खरा उपयोग. पुण्यातली रीचरखा ही संस्था असलं प्लास्टिक पट्ट्या करून चरख्यावर आणि हातमागावर विणते, त्यांचं काम बघितलंत तर कळेल की नुसत्या शिवणकामानं ते साधत नाही, विणकाम शिकावं लागतं. ते पुढचं.

वापरायच्या आधी

तयार पिशवीत ५ किलो कांदे भरा आणि दाराच्या भक्कम कडीला रात्रभर टांगून ठेवा. सकाळी चार फुल्यांच्या चौकटी, तळाखालचा निवारीचा जोड आणि दोन्ही कोपरे नीट बघा. टाके ताणून भोकं मोठी दिसतायत तर टाका बारीक झालाय, त्यावरून परत टीप मारू नका, अजून भोकं पडतील, आतून जीन्सचा तुकडा लावून त्याच्यावर शिवा. दोरा तुटला असेल तर दोरा बदला. काहीच झालं नाही तर वजन अजून दोन-तीन किलो वाढवून बघा.

धुताना वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, ओल्या फडक्यानं पुसा किंवा हातानं धुऊन सावलीत उलटी टांगा. गाडीच्या काचेमागे, बाल्कनीत उन्हात ठेवून देऊ नका, कारण वर सांगितलंच, उन्हानं हे पोतं कुजतं.

विकायचा विचार असेल तर पहिल्या चार-पाच घरात आणि शेजारी वाटा, कुठे फाटतात ते त्या लोकांकडून कळू दे. किंमत लावताना माल फुकटचा आहे म्हणून वाट्टेल तितकी कमी लावू नका, निवार, दोरा, सुया आणि मुख्य म्हणजे तुमचे तास धरा. लोक म्हणतातच, पोत्याचीच तर आहे, एवढे पैसे कसले. त्यांना ती पिशवी उलटी करून आतला गोट आणि तळाखालून फिरवलेला बंद दाखवा.

आणि पोत्याचा उरलेला १७ बाय १२ चा तुकडा फेकू नका, दोन मिळून पाण्याच्या बाटलीचं कव्हर होतं.